सहीची पारख

सर्व संबंधितांना, आणि संबंध नसलेल्यांनाही, या प्रकरणाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पौडच्या एस.टी. स्टँडासमोर, रसवंती आणि सायकलच्या दुकानाच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात एके काळी क्रिकेटच्या कार्डांची तपासणी आणि मूल्यमापन करणारी एक जबाबदार संस्था कार्यरत होती. संस्थेचं कार्यक्षेत्र अवघा मुळशी तालुका. अध्यक्ष, सचिव, शिपाई आणि अंतिम निकाल देणारी अधिकारी या सर्व पदांवर मी, शमीम तांबोळी, इयत्ता आठवी ब, एकटीच होते. संस्थेच्या निकालावर अपील नव्हतं. हे शेवटचं वाक्य मी त्या वेळी छाती पुढे काढून सांगायचे. आता सांगताना जीभ जरा अडखळते. पण गोष्ट रंगवून सांगायची माझी खोड जुनी आहे, तेव्हा अडखळत का होईना, रंगवूनच सांगते.

गाळा अब्बांचा. अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे. गाळ्यात दोन माणसं बसली की तिसऱ्याने उभं राहायचं आणि चौथ्याने रसवंतीत जाऊन थांबायचं, एवढीच जागा. भिंतीवर सतरा-अठरा घड्याळं, आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नसे. अब्बा ती मुद्दाम जुळवायचे नाहीत. म्हणायचे, माणसाचं घड्याळ त्याच्या घरी जितकं पुढे असतं तितकंच पुढे ठेवून द्यावं, नाहीतर त्याची बस चुकते. त्यामुळे आमच्याकडे बारा वाजायला चांगली वीस मिनिटं लागायची. एक ठोके देऊन थांबलं की दुसरं सुरू, मग कुठलं तरी गजराचं घड्याळ कर्कश कोकलायचं, आणि समोर स्टँडावरचा कंट्रोलर कोळवण गाडीची घोषणा करायचा ती या कल्लोळात कुणालाच ऐकू जायची नाही. सुटे भाग धुवायच्या पेट्रोलचा वास अब्बांच्या सदऱ्याला असायचा, तो अम्मीच्या हातच्या खेकड्याच्या कालवणालाही हरवायचा. कोळवणच्या बायका बाजाराच्या दिवशी टोपलीत पाल्याखाली खेकडे घेऊन यायच्या. अम्मी ते पाट्यावर ठेचून, गाळून, नुसत्या पाण्याचं कालवण करायची आणि तांदळाची भाकरी इतकी पातळ थापायची की उजेडाला धरली तर पलीकडे माझा भाऊ रफीक दिसायचा. तो त्याच भाकरीवर डोळा ठेवून बसलेला असायचा, ही गोष्ट वेगळी.

कार्डं यायची च्युइंगमच्या पाकिटातून. च्युइंगम दोन मिनिटांत बेचव व्हायचं आणि कार्ड वर्षभर पुरायचं. पुढच्या बाजूला खेळाडूचा फोटो, मागे त्याचे सामने, धावा, बळी आणि कोपऱ्यात कार्डाचा नंबर. सगळ्या शाळेला या कार्डांचं वेड लागलं होतं, पण वेड लागणं वेगळं आणि कळणं वेगळं. पोरं धावा बघून भांडायची. ज्याच्या जास्त धावा त्याचं कार्ड भारी, इतकं साधं गणित. मी पहिल्यांदा सर्वांना शिकवलं की किंमत खेळाडूची नसते, कार्डाची असते. एखादा मोठा खेळाडू घरोघरी सापडत असेल तर त्याला कोण विचारतं? आणि एखादा कधीच न खेळवलेला राखीव यष्टिरक्षक अख्ख्या पौडात दोघांकडेच असेल, तर तो राजा. मग कार्डाचे चारही कोपरे पाहायचे. दुमडलेला कोपरा म्हणजे निम्मी किंमत गेली. छपाई कापताना एका बाजूला पांढरी कड जास्त राहिली तर आणखी उतरली. पण मागच्या बाजूला भलत्याच खेळाडूची माहिती छापली गेली असेल, तर ती चूक सोन्याची. एका दुर्मीळ कार्डाला चाळीस साधी, किंवा पंधरा साधी आणि कोळवणहून आणलेली शर्टाच्या ओच्यात मावतील तेवढी बोरं, असे माझे दर होते. एकदा एका पोराने चुकीच्या पाठीचं कार्ड मिळवायला जिवंत खेकडे आणले होते. ते अम्मीने ठेवून घेतले आणि मला दोन दिवस कार्डांवरून बोलणी खावी लागली नाहीत.

माझं खरं भांडवल म्हणजे अब्बांचं भिंग. डोळ्याच्या खोबणीत धरायचं, काळ्या नळकांड्याचं. अब्बा जेवायला गेले की ते माझ्या डोळ्यात. पहिल्यांदा त्यातून कार्ड पाहिलं त्या दिवशी मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. फोटो नावाची गोष्टच तिथे नव्हती, नुसते ठिपके होते. निळे, लाल, पिवळे, काळे. खेळाडूचा गाल म्हणजे लाल-पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी. त्या दिवसापासून मला कुणी खोटं कार्ड देऊ शकलं नाही. झेरॉक्स करून, रंगवून, पुठ्ठ्याला चिकटवून आणलेली कार्डं मी नुसती भिंगाखाली सरकवायचे, पाच सेकंद गप्प राहायचे, मग भिंग काढून फक्त "हं" म्हणायचे. त्या "हं"ला पोरं घाबरायची. ते "हं" मी आरशासमोर उभी राहून बसवलं होतं, हे आज पहिल्यांदाच कबूल करते.

सहीवाल्या कार्डांचं शास्त्र मला रफीकभाईच्या लबाडीने शिकवलं. त्याने एका कार्डावर स्वतःच गिरगटून सही केली आणि आपल्याला पुण्यात स्टेडियमबाहेर मिळाली म्हणून गाजावाजा केला. मी ते कार्ड भिंगाखाली घेतलं. सही छापलेली नव्हती, शाई खरी होती, चकचकीत पृष्ठभागाच्या वर बसलेली. पण रेघ थरथरत होती. जो स्वतःची सही करतो त्याचा हात धावतो आणि जो दुसऱ्याची करतो त्याचा हात रांगतो. रफीकभाईचा हात प्रत्येक वळणावर थांबून मागे बघत होता, तिथे शाईचे बारीक गोळे साचले होते. मी भर दुकानात निकाल दिला. रफीकभाई आठवडाभर माझ्याशी बोलला नाही आणि संस्थेची कीर्ती पिरंगुटपर्यंत गेली. त्यानंतर मी दोन नियम केले. एक, रेघ धावली पाहिजे. दोन, सही त्या खेळाडूच्या माहीत असलेल्या सहीशी जुळली पाहिजे. दुसरा नियम मी कशाच्या आधारावर केला? तर माझ्याजवळ असलेल्या सत्तेचाळीस नंबरच्या कार्डाच्या.

आता सत्तेचाळीस नंबरबद्दल. तेव्हा संघात एक मराठी फलंदाज होता. नाव सांगणार नाही. त्याचं साधं कार्ड कुणाकडेही मिळायचं. पण कंपनीने त्याचं एक खास कार्ड काढलं होतं, त्यावर फोटोवरून तिरकी निळी सही, ऐटदार इंग्रजीत. तालुक्यात ते एकच होतं आणि ते माझ्याकडे होतं. पोरं ते हातात घ्यायच्या आधी चड्डीला हात पुसायची. माझ्या आयुष्यात त्या कार्डाचं काम फार मोठं होतं. पाकिस्तानशी सामना असला की वर्गात माझ्याकडे माना वळायच्या. कुणी वाईट बोलायचं नाही, नुसतं हसून विचारायचं, "काय शमे, आज कुणाकडनं?" त्या दिवशी मी दप्तरातून सत्तेचाळीस नंबर काढून बाकावर ठेवायचे. मग कुणी काही विचारायचं नाही. तालुक्यातला सगळ्यात मोठा भारतीय फलंदाज सही करून माझ्या बाजूने बसलेला असायचा.

फक्त एक गोष्ट होती. ती सहीसुद्धा ठिपक्यांची होती. मी ज्या दिवशी भिंग पहिल्यांदा डोळ्याला लावलं, त्याच दिवशी मला ते दिसलं होतं. शाई नव्हतीच. कारखान्यात फोटोबरोबर छापलेली सही. हे मी कुणाला सांगितलं नाही आणि भिंग दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला लावू दिलं नाही. अब्बांची वस्तू आहे, हरवेल, असं सांगायचे. तपासणी करणाऱ्या बाईंची स्वतःची तपासणी झाली नाही, एवढाच काय तो घोटाळा.

विशाखा माझ्या बाकावरची. कोळवणच्या बौद्धवाडीतली, पण तिचं घर वाडीत उरलं नव्हतं. तिचे वडील, लक्ष्मणकाका, ओढ्याकाठच्या एका पुणेकराच्या बंगल्याची राखण करायचे आणि बंगल्यामागच्या एका खोलीत सगळं कुटुंब राहायचं. खोली, वीज, पाणी फुकट. नोकरी गेली तर हे सगळं त्याच दिवशी जाणार. विशाखा सकाळच्या गाडीने शाळेत यायची, बहुतेक उभ्याने. बोलायला धारदार. माझ्या "हं"ला न भिणारी शाळेत ती एकटीच होती. एकदा मी भिंग लावून बसले असताना म्हणाली, "बाई, औषध लिहून देताय, का सुई मारताय?" सगळं दुकान हसलं, अब्बासुद्धा. कार्डांचा तिला सोस नव्हता. तिच्याकडे मोजून चार-पाच होती. त्यातलं एक मीच दिलेलं, त्या मराठी फलंदाजाचं साधं कार्ड, कोपरा दुमडलेलं, म्हणून मी ते बदल्यात ओंजळभर बोरं घेऊन तिच्या गळ्यात मारलं होतं. बोरं किडकी निघाली. कार्डही तसलंच होतं, त्यामुळे हिशेब चुकता झाला असं आम्ही दोघींनी हसून ठरवलं.

भात कापून झालं होतं, खाचरांत नुसता धसकटांचा खरखराट उरला होता, तेव्हाची गोष्ट. आमचे वर्गशिक्षक निकम सर यांनी निबंध दिला, "मी भेटलेली मोठी व्यक्ती". तालुक्याची निबंध स्पर्धा होती, शाळेतून एकच निबंध जाणार होता. आम्ही सर्वांनी ठरलेल्या व्यक्तींना भेटून घेतलं. कुणी तहसीलदारांना भेटलं, कुणी झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्यांना. मी अब्बांना भेटले आणि पानभर त्यांच्या घड्याळांची टिकटिक लिहिली. विशाखाने लिहिलं की शनिवारी संध्याकाळी बंगल्यावर गाडी आली आणि तिच्यातून तो मराठी फलंदाज उतरला.

सरांनी तिचा निबंध वर्गात वाचून दाखवला. अजून मला तो बराचसा पाठ आहे. मोठी व्यक्ती चपला न घालता अंगणात फिरली. आईने केलेल्या नाचणीच्या भाकरीवर तिने मिरचीचा ठेचा घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विशाखाने आपलं कार्ड पुढे केलं, तेव्हा त्याने विचारलं, सही कुठल्या भाषेत करू? ती म्हणाली, मला वाचता येईल अशी करा. म्हणून त्याने मराठीत केली.

इथे वर्ग हसला. मीसुद्धा हसले. मोठी माणसं सही इंग्रजीत करतात हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं. तलाठी इंग्रजीत करायचा, पोस्टमन इंग्रजीत करायचा, अब्बा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, तेही पावतीवर इंग्रजीतच वेटोळं काढायचे. मराठीत सही करायची ती आमच्या आज्यांनी, अंगठा सोडून नव्याने शिकलेल्या. कसोटी खेळलेला माणूस मराठीत सही करतो? तेही विशाखाच्या आईची भाकरी खाऊन? वर्गाला दोन्ही गोष्टी सारख्याच अशक्य वाटल्या. दुसरी का वाटली ते कुणी बोललं नाही. ते बोलायची आमच्याकडे गरजच पडत नाही.

निकम सर वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे, कारण गोष्टीत कुणीतरी वाईट असलं की सांगणाऱ्याची सोय होते. त्यांना तो निबंध मनापासून आवडला होता. पण स्पर्धेला पाठवायचा तर खरा असला पाहिजे, आणि आमच्या वर्गातल्या एकाच्या वडिलांनी शाळेत येऊन विचारलं की असल्या थापा तुम्ही तालुक्याला पाठवणार का. तेव्हा सरांनी विशाखाला सांगितलं, खरं असेल तर हाच निबंध जाईल. खोटं असेल तर वर्गासमोर उभं राहून तसं सांगायचं. विशाखा म्हणाली, "वडलांना इचारा. कार्ड बघा. मी कशापायी खोटं बोलू?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी लक्ष्मणकाकांना शाळेत बोलावलं. आणि मला बोलावलं. तज्ज्ञ म्हणून. शिपाई मला न्यायला वर्गात आला तेव्हा मला झालेला आनंद मी आज लपवणार नाही. मी आधी स्टँडासमोर पळत जाऊन भिंग आणलं, अब्बांना सांगितलं की सरकारी काम आहे, आणि ऑफिसात शिरताना चालण्याचा वेग मुद्दाम कमी केला.

लक्ष्मणकाका भिंतीला टेकून उभे होते. सरांनी खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत. विशाखा त्यांच्या शेजारी. तिचा चेहरा अगदी निर्धास्त होता. बाप आला होता, आता प्रश्नच नव्हता. सरांनी विचारलं, मागच्या शनिवारी बंगल्यावर कुणी पाहुणे होते का. लक्ष्मणकाकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"न्हाई सर. आमच्या हितं कोन आलं न्हाई. मालकबी दिवाळीपासनं आल्यालं न्हाईत."

विशाखाने मान वर करून बापाकडे पाहिलं. सरांनी कार्ड टेबलावर ठेवलं होतं, त्याकडे बोट करून विचारलं, मग ही सही कुणाची?

"पोर हाय. खेळता खेळता केली आसंल."

बंगल्याच्या मालकाचा नियम मला पुढे पुष्कळ दिवसांनी कळला. बंगल्यावर कोण येतं, कोण जातं, काय खातं, काय पितं, त्यातला एक शब्द गावात गेला तर दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायची. आधीच्या राखणदाराने कुणा पाहुण्याचं नाव चहाच्या टपरीवर घेतलं होतं, त्याची भांडी ओढ्याच्या कडेला मांडून ठेवलेली कोळवणने पाहिली होती. आजही आमच्या खोऱ्यातल्या बंगल्याबंगल्यांत हाच नियम आहे. विकेंडला कोण येऊन गेलं ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणाला माहीत नसतं. पण त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की बापाने साक्ष फिरवली आणि आता सगळा निकाल माझ्या भिंगावर आला. विशाखालाही ते कळलं. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे वळून, माझी टिंगल न करता म्हटलं, "शमे, तू बघ. तुला कळतं."

मी कार्ड उचललं. तेच, माझंच, दुमडलेल्या कोपऱ्याचं. भिंग डोळ्याला लावलं.

काय दिसलं ते नीट सांगते. ठिपके नव्हते. निळी शाई पृष्ठभागावर बसली होती, उजेडात तिला वेगळी चकाकी होती. कार्ड उलटं करून बोट फिरवलं तर पेनाच्या टोकाचा दाब मागे लागत होता. रेघ धावत होती. अशी की एका ठिकाणी अक्षर पुरं व्हायच्या आधीच हात पुढे गेला होता. आणि शिरोरेघ. आपण सगळे शिरोरेघ डावीकडून उजवीकडे ओढतो. ही उलटी ओढली होती. उजव्या टोकाला पेन टेकल्याचा ठिपका आणि डाव्या टोकाला शाई विरत गेलेली. नक्कल करणाऱ्या पोरीला असं सुचत नाही. ज्याने ती सही हजारदा केली आहे त्याच्याच हाताला अशी वाईट सवय लागते. माझा पहिला नियम ओरडून सांगत होता की सही खरी आहे.

आणि मला दप्तरातला सत्तेचाळीस नंबर आठवला. ही सही खरी ठरली तर उद्या सगळी शाळा विशाखाचं कार्ड आणि माझं कार्ड शेजारी शेजारी ठेवून बघणार. कुणीतरी भिंग मागणार. मी किती दिवस देणार नाही?

मी भिंग काढलं. पाच सेकंद गप्प राहिले, सवयीप्रमाणे. मग म्हणाले, "जुळत नाही सर. त्याची सही इंग्रजीत असते. माझ्याकडे आहे. ही खोटी आहे."

हे मी पुढे आयुष्यभर चूक म्हणून सांगत आले. गप्पांच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, हसतखेळत. तेरा वर्षांची पोर, मोठा माणूस मराठीत सही करील असं तिला वाटलं नाही, काय बिचारी. लोक हसतात, हळहळतात, चहा पितात. दुसरा नियम माझ्या मदतीला अजूनही धावून येतो. पण मी लबाडी केली होती, आणि ती करताना मला पुरतं कळत होतं.

दोनेक वर्षांपूर्वी हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण मुळशीच्या कुठल्याशा रिसॉर्टवरून परतताना गाळ्यात शिरला. अब्बांच्या पश्चात गाळा मीच चालवते, आता त्यात मोबाइलची कव्हरंही असतात. त्याच्या घड्याळाचा सेल बदलेपर्यंत त्याने मोबाइलवर आपला संग्रह दाखवला. कार्डं आता काचेसारख्या डब्यांत सीलबंद असतात, त्यावर गुण दिलेले असतात, कोपऱ्यांचे वेगळे, कापणीचे वेगळे. म्हणजे माझी संस्था आता जगभर चालते. बोलता बोलता त्या फलंदाजाचा विषय निघाला. तो म्हणाला, "मॅडम, त्याची इंग्लिशमधली साइन कॉमन आहे. पण कुणी मराठीत मागितली तर मराठीत द्यायचा. तशी कार्डं अख्ख्या मार्केटमध्ये बोटावर मोजण्याइतकी आहेत. साधं, कोपरा गेलेलं कार्ड असू दे, मिळालं तर मी गाडी विकेन." आणि त्याने एकाचा फोटो मोठा करून दाखवला. शिरोरेघ उजवीकडून डावीकडे गेली होती. मी त्याच्या सेलचे पैसे घ्यायला विसरले, तो देऊन गेला.

विशाखा पिरंगुटला असते, आरोग्य केंद्रात नर्स आहे. एकदा बाजारात समोरासमोर आलो. "काय शमे, बरी हायेस का?" म्हणाली आणि मी तोंड उघडायच्या आत भाजीवाल्याशी भाव करायला वळली. तिने आठवी आमच्या शाळेत पुरी केली नाही. त्या दिवसानंतर चौथ्या दिवशी लक्ष्मणकाकांनी बंगल्याची खोली सोडली, मुलं मामाकडे पाठवली आणि स्वतः पौडला येऊन वखारीत लाकडं फोडू लागले. आमच्या गाळ्यावरून जाताना ते अब्बांना रामराम करायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण ऑफिसातलं पुढचं वाक्य बोलणाऱ्याला हे सगळं तेव्हाच दिसत होतं. आम्हा बाकीच्यांना दिसत नव्हतं.

तर मी निकाल दिला. सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं मन खट्टू झालं होतं, ते दिसत होतं. त्यांनी विशाखाला विचारलं, आता वर्गात काय सांगणार? ती म्हणाली, "जे लिव्हलंय त्येच." सर म्हणाले, तुझे वडील नाही म्हणतात, ही मुलगी नाही म्हणते, तरी? विशाखाने परत तेच उत्तर दिलं. आवाज चढवला नाही. रडलीही नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी भिंग मुठीत धरून उभी होते.

आमच्या शाळेत एक रीत होती. जप्त केलेली कार्डं सर मुलांच्या समोर फाडायचे आणि टोपलीत टाकायचे, म्हणजे पुन्हा मागायला कुणी येऊ नये. माझी स्वतःची डझनभर तशी गेली होती. निकम सरांनी टेबलावरून कार्ड उचललं, दोन्ही हातांच्या चिमटीत मधोमध धरलं आणि विशाखाला शेवटचं विचारलं. ती आता सरांकडे नाही, माझ्याकडेही नाही, नुसती बापाकडे बघत होती. चकचकीत कागद फाटताना आधी जरा ताणला जातो आणि मग एकदम करकन आवाज येतो. तो आवाज आला. सहीच्या पहिल्या अक्षरापर्यंत फट गेली असेल नसेल, एवढ्यात भिंतीजवळून लक्ष्मणकाका दोन पावलं पुढे आले, सरांचं मनगट धरलं, आणि बोलून गेले:

"फाडू नका सर, माज्याच खिशातल्या पेनानं केलीया त्यांनी ती सही."